नव्या बिऱ्हाडातली बाई

आकुर्डी गावाचं शहर झालं ते बाहेरून आलेल्यांमुळे. इथल्या बजाजच्या कारखान्यातलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, तरी बिऱ्हाडं येतच राहिली. मराठवाड्यातून येतात, विदर्भातून, बिहारमधून येतात. पुरुष पाळीला चाकणला जातो, तिथे त्याच्या ओळखी होतात. बाई मात्र एका खोलीत अडकते. शेजारणी गाव विचारतात, जात विचारतात, नवरा कुठे कामाला हेही विचारतात. तिचं नाव राहूनच जातं. मग रात्री मार खाताना तिने हाक मारायची कुणाच्या नावाने?

वस्तीत स्वागत म्हटलं की हळदीकुंकू. त्यात विधवेला, नवऱ्याने टाकलेलीला, मुसलमान शेजारणीला जागा कुठे?

माझ्या मते हे काम महिला मंडळांनी घ्यावं. नवं बिऱ्हाड आलं की आठवडाभरात दोघींनी जावं, आपलं नाव सांगावं, तिचं विचारावं. पाण्याची वेळ, अंगणवाडी, महापालिकेचा दवाखाना दाखवावा. गावच्या रेशनकार्डावर अन्नसुरक्षेचं धान्य इथल्या दुकानातही मिळतं, हे सांगावं. घर भाड्याचं असो की सासऱ्याचं, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला मनमानीने घराबाहेर काढता येत नाही, हेही सांगावं. १८१ हा मदतीचा नंबर तिला पाठ करून द्यावा.

यापुढे प्रत्येक बैठकीत पहिला प्रश्न हाच असू दे: आपल्या गल्लीत नवीन कोण आली, आणि तिला कोण भेटलं?