श्वास आणि संप्रेरकें

दमा म्हटला कीं घरांतील वडील मंडळी दहीं, गार पाणी, धूळ आणि पावसाळी हवा यांकडे बोट दाखवितात. आणि तें अगदींच खोटें नाहीं. चरकसंहितेंत श्वासाचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं तमक श्वास ढगाळ हवेनें व थंडीनें बळावतो असें तेथेंच नमूद आहे. परंतु या यादींत एक कारण आपण सहसा घालीत नाहीं, कारण तें चारचौघांत बोलावयाचें नसतें.

आमच्या सुनेस महिन्यांतून तीन-चार रात्री उशीस टेकून बसून काढाव्या लागत. आम्हीं मास्तरी खाक्यानें कधीं दह्यास, कधीं जागरणास दोष दिला. घरांतील कोणी तर 'कामाच्या दिवशींच बरा दम लागतो' असेंही बोलून गेलें. तेव्हां तिनें भिंतीवरील दिनदर्शिका काढून आमच्या कुटुंबापुढें ठेविली. सहा महिन्यांतील वाईट रात्रींवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि बहुतेक साऱ्या मासिक धर्मापूर्वींच्या दोन-चार दिवसांत पडल्या होत्या. आम्ही निरुत्तर झालों.

वैद्यकास ही गोष्ट नवी नाहीं. न्यूयॉर्कचे डॉ. फ्रँक यांनीं १९३१ सालींच मासिक धर्मापूर्वींच्या विकारांवर लिहितांना दम्याचाही उल्लेख केला होता. श्वासनलिकांभोंवतीं स्नायूंचें वेष्टन असतें. त्याच्या पेशींत कॅल्शियम चढलें कीं तें आवळतें, उतरलें कीं सैल पडतें. शरीरांतील ग्रंथींतून रक्तांत येणारे जे स्राव, त्यांस १९०५ सालीं स्टार्लिंग यांनीं 'हार्मोन' हें नांव दिलें. (ग्रीक भाषेंत त्याचा मूळ अर्थ चेतविणें असा आहे, आपला 'संप्रेरक' शब्द त्यास किती नेमका जुळतो!) या स्नायुपेशींत संप्रेरकांसाठीं जणूं दारें असतात, शास्त्रज्ञ त्यांस ग्राही म्हणतात. प्रोजेस्टेरोन आणि टेस्टोस्टेरोन हा स्नायु सैल करितात, असें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे. इस्ट्रोजेनचें काम दुहेरी. त्याचीं दारें दोन, अल्फा व बीटा. कॅल्शियमवर या दोहोंचा परिणाम सारखाच नसतो. पाहुणा एकच, पण तो कोणत्या दारानें आला यावर घरची शांतता अवलंबून!

बालपणीं दमा मुलग्यांत अधिक, आणि वयांत आल्यावर स्त्रियांत अधिक आढळतो, त्याचा एक धागा येथें लागतो. मात्र सारा दोष संप्रेरकांच्या माथीं मारणें हेंही शास्त्र नव्हे. नलिकांच्या अस्तरास येणारी सूज, ॲलर्जी, चुलीचा धूर हीं आहेतच.

गर्भारपणाविषयीं मात्र स्पष्ट लिहिणें अवश्य आहे. त्या काळांत साधारण एकतृतीयांश स्त्रियांचा दमा उणावतो, एकतृतीयांशांचा वाढतो, उरलेल्यांचा होता तसाच राहतो. आपल्या घरांत तर दिवस राहिले कीं 'बाळास बाधेल' म्हणून इनहेलर कपाटांत जातो. वास्तविक, आवरांत नसलेला दमाच आईस व गर्भास औषधापेक्षां अधिक घातक. म्हणून डॉक्टरांस विचारल्यावांचून औषध बंद करूं नये.

सुनेची दिनदर्शिका डॉक्टरांनीं बारकाईनें पाहिली आणि त्या दिवसांपूर्वीं काय काळजी घ्यावी तें लिहून दिलें. पेन्सिल आतां आमचें कुटुंबच टोंक करून ठेवितें.