थप्पड आणि साक्ष

संध्याकाळची जपमाळ झाली, जेवणे उरकली, की पेडणे-डिचोलीकडील कितीतरी घरांतून दूरचित्रवाणीचा संच सुरू होतो आणि थोड्याच वेळात पडद्यावर कोणाचे तरी प्रेत सापडते. मग आजी खुनी कोण याचा तर्क बांधू लागते. सुनेचा संशय वकिलावर असतो. नातू म्हणतो, वकील असणे शक्यच नाही, कारण त्याच्यावर पहिल्या पाच मिनिटांतच संशय आला आहे. या करमणुकीविरुद्ध आम्हांस कठोर बोलावयाचे नाही. दिवसभर शेता-बागायतीत किंवा नोकरीवर राबून आलेल्या माणसाने घटकाभर बुद्धीचा खेळ पाहिला तर त्यात वावगे ते काय? परंतु जी गोष्ट वर्षानुवर्षे आपल्या घरात मुलाबाळांसमक्ष चालते, ती मनावर काय संस्कार करते, याचा विचार कुटुंबाने केला पाहिजे. तो करण्यासाठीच आजचे हे चार शब्द.

विलायतेत या प्रकाराची परंपरा जुनी आहे. १९५० साली तेथे एका चित्रपटात जॉर्ज डिक्सन नावाचा साधा शिपाई दाखविला होता. चित्रपटात तो गुंडाच्या गोळीने मरतो. पण लोकांस तो इतका आवडला, की १९५५ साली बीबीसीने त्याला पुन्हा जिवंत करून 'डिक्सन ऑफ डॉक ग्रीन' ही मालिका सुरू केली आणि ती १९७६ पर्यंत चालली. जॅक वॉर्नर हे नट त्यात शिपायाची भूमिका करीत. मालिका संपली तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे गाठली होती. हा डिक्सन प्रेक्षकांकडे तोंड करून नमस्कार करी, गोष्ट सांगे आणि शेवटी गुन्हेगाराचे पुढे काय झाले तेही सांगून निरोप घेई. त्याच्यापाशी पिस्तूल नव्हते. गल्लीतल्या प्रत्येक घराशी ओळख, हेच त्याचे शस्त्र.

पुढे १९९७ साली तिकडे 'मिडसमर मर्डर्स' सुरू झाली. कॅरोलाइन ग्रॅहम या लेखिकेच्या कादंबऱ्यांवरून ती रचलेली आहे. तिच्यातील परगणा काल्पनिक. पण गावे अशी रम्य, की आपल्यालाही तेथे जाऊन राहावेसे वाटावे. जुनी चर्च, फुलांच्या बागा, गावजत्रा. आणि प्रत्येक भागात दोन-तीन खून! तेथील बार्नबी हा अधिकारी कोणावर हात टाकीत नाही. तो शेजाऱ्यांच्या दारी जातो, चहा घेतो, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. कोणी रात्री दिवा पाहिलेला असतो, कोणी गाडीचा आवाज ऐकलेला असतो. अशा लहानसहान साक्षींच्या जुळणीतून सत्य बाहेर येते.

आता आपल्याकडे वळू. मराठी प्रेक्षकांना मुंबई दूरदर्शनवरील 'एक शून्य शून्य' ही पोलीसकथांची मालिका आठवत असेल. शिवाजी साटम हे मराठी नट तिच्यात होते. याच साटमांना आज सारा देश एसीपी प्रद्युम्न म्हणून ओळखतो. बी. पी. सिंग यांनी निर्मिलेली 'सी.आय.डी.' ही हिंदी मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत वीस वर्षे अखंड चालली. तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले. २००४ साली तिचा १११ मिनिटांचा एक संपूर्ण भाग मध्ये कोठेही न थांबता एका सलग चित्रणात टिपला गेला, हा तर विक्रमच ठरला. २०२४ च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली.

या मालिकेचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. प्रयोगशाळेतील डॉक्टर साळुंखे यांच्यामुळे खेड्यातील माणसालाही समजले, की एक केस, रक्ताचा एक थेंब, चिखलातील एक पाऊलखूणदेखील बोलते. गुन्हेगार कितीही श्रीमंत असो, तो सुटत नाही, हेही तिने पुन्हा पुन्हा दाखविले. आपल्या पेडण्याकडे जत्रेला रात्रभर दशावतार रंगतो. संकासुर कितीही गर्जना करीत आला तरी तो मारला जाणार, हे प्रेक्षकांना ठाऊक असते, आणि म्हणूनच ते स्वस्थ चित्ताने त्याची गर्जना ऐकतात. पोलिसी मालिकेचे सुख याच जातीचे आहे. दुष्टाचा अंत होणार, ही खात्री माणसाला हवीच असते.

तथापि हा अंत कसा होतो, ते पाहा. इन्स्पेक्टर दया दरवाजा मोडून आत शिरतो. संशयित आरोप नाकारतो. मग त्याच्या गालावर एक सणसणीत थप्पड बसते, आणि दुसऱ्याच क्षणी तो खून का केला, कसा केला, सुरी कोठे टाकली, सारे घडाघडा सांगू लागतो. गोष्ट संपते. मुले टाळ्या पिटतात. या मुलांच्या मनावर काय ठसले? थप्पड बसली की सत्य बाहेर पडते, हेच ना?

देशाचा कायदा नेमके याच्या उलट सांगतो. पोलीस अधिकाऱ्यापाशी दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे पंचविसावे कलम होते; १ जुलै २०२४ पासून जो भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याच्या तेविसाव्या कलमातही तेच कायम आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर तिच्याशी निगडित तेवढाच भाग ग्राह्य धरतात. खरीखुरी कबुली द्यावयाची तर ती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर. आणि त्यानेही आधी सांगावे लागते, की बाबा रे, कबुली देण्याचे तुझ्यावर बंधन नाही, आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. एवढी सावधगिरी कशासाठी? मार खाणारा माणूस मार थांबावा म्हणून वाटेल ते बोलतो, यासाठी. थपडेने तोंड उघडते. पण त्या तोंडून सत्यच येईल असा भरवसा नाही.

आम्हां ख्रिस्ती लोकांस हे समजण्यास कठीण जाऊ नये. आपण कुमसार करतो तो कोणी दटावून नव्हे. माणूस आपल्या पायांनी जातो, आपल्या तोंडाने बोलतो, म्हणूनच त्या शब्दांना मोल. चेस्टरटन या इंग्रज लेखकाने निर्मिलेला फादर ब्राउन हा पाद्री याच गोष्टीचे उदाहरण आहे. त्याच्या कथांचे पहिले पुस्तक १९११ साली निघाले. लेखकापुढे फादर जॉन ओकॉनर या खऱ्याखुऱ्या धर्मगुरूंचा नमुना होता. पुढे १९२२ साली चेस्टरटन स्वतः कॅथलिक झाले. २०१३ पासून बीबीसीने या कथांतील पाद्र्याला घेऊनही मालिका चालविली. हा ठेंगणा पाद्री गुन्हेगार ओळखतो, कारण वर्षानुवर्षे कुमसार ऐकून त्याला माणसाचे मन कळलेले असते. आणि ओळखल्यावर त्याची पहिली तळमळ असते ती त्या जिवाला पश्चात्ताप व्हावा ही.

आता एक घडलेली हकीकत सांगतो. ती आपल्याच गोव्यातील आहे आणि मुलीबाळी असलेल्या प्रत्येक घराने ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २००९ साली फोंडा तालुक्यातील शिरोडा गावच्या एका इसमाला अटक झाली. १९९४ पासून सोळा स्त्रियांचे खून केल्याची कबुली त्याने पोलिसांपुढे दिली, असे प्रसिद्ध झाले. बळी पडलेल्या बहुतेक गरीब घरच्या, लग्न न झालेल्या मुली. तो लग्नाचे आमिष दाखवी, दागिने घालून येण्यास सांगे, निर्जन जागी नेऊन त्यांच्याच ओढणीने गळा आवळी आणि दागिने विकून टाकी. पंधरा वर्षे हे चालले! मालिकेत असता तर हा इसम तासाभरात सापडला असता, आणि कबुलीबरोबर गोष्ट संपलीही असती. प्रत्यक्षात कबुलीनंतरच खरी अडचण सुरू झाली. ती कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालण्यासारखी नव्हती. शोधावयाचे होते साक्षीदार आणि खुणा. मध्ये वर्षांमागून वर्षे निघून गेली होती. काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली. अनेक खटल्यांत मात्र पुरेशा पुराव्याअभावी त्याची सुटका झाली. त्या मृत मुलींच्या आईबापांना काय वाटले असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी.

अशा वेळी घरात आणि शेजारात काय घडते, याचाही विचार करा. मुलगी दागिने लेवून घराबाहेर पडली आणि परतली नाही, की लोक चटकन म्हणतात, पळून गेली असेल. आईबाप लाजेने मान खाली घालतात. शेजारीणीने तिला कोणाबरोबर तरी जाताना पाहिलेले असते, पण दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत कशाला पडा, म्हणून ती गप्प राहते. या गप्प राहण्यानेच खुनी निर्धास्त होतो. त्याला दयाच्या थपडेचे भय नसते. त्याला भय असते ते कोणी आपल्याला पाहिले असेल आणि तसे सांगेल याचे.

याउलट दुसरे चित्र पाहा. समजा, गावात कोणाची सोनसाखळी हरवली. संशय येतो तो बाहेरगावाहून कामाला आलेल्या गरीब मजुरावर. चार तरुण त्याला धरतात, मालिकेत पाहिले तसे दोन लगावतात, आणि तो भीतीने हो म्हणतो. दोन दिवसांनी साखळी पेटीच्या मागे सापडली, तर त्या दोन थपडा परत कशा घ्याव्यात? आणि चोरी खरोखर दुसऱ्याने केली असेल, तर खरा चोर आपल्यातच बसून हसत राहिला, हेही विसरता कामा नये.

यास्तव आमच्या वाचकांस काही गोष्टी आवर्जून सांगावयाच्या आहेत. पहिली ही, की गुन्ह्याच्या जागी गर्दी करू नये, कशालाही हात लावू नये आणि ११२ या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. मालिकेतल्या डॉक्टरांना जो केस सापडतो, तो पन्नास माणसांच्या पायांखाली तुडविला गेल्यावर कोणालाच सापडणार नाही. दुसरी, फिर्याद तोंडीही देता येते. ती लिहून घेऊन वाचून दाखविली पाहिजे आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला तरी जवळच्या ठाण्यावर फिर्याद देता येते. पेडण्याच्या माणसाला डिचोलीस जा म्हणून परत पाठविता येत नाही. तिसरी, माणूस बेपत्ता झाल्यास चोवीस तास थांबावे असा कोणताही नियम नाही. लाज बाजूला ठेवून त्याच दिवशी ठाण्यावर जावे. मुलगी सुखरूप सापडली तर गाव चार दिवस बोलेल आणि विसरेल. न सापडली तर ते दुःख जन्मभर विसरता येणार नाही.

चौथी गोष्ट साक्षीची. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पोर्तुगीज अमदानीत गावची तक्रार रेजिदोराकडे जाई, आणि सरकारी माणसापासून चार पावले दूर राहणेच बरे, ही वाडवडिलांची शिकवण अजून आपल्या हाडांत आहे. ती त्या काळी शहाणपणाची असेलही. परंतु सारेच शहाणे पायरी चढावयाचे टाळू लागले, तर न्यायाधीशाने निवाडा कशावर द्यावा? स्त्रियांना, पंधरा वर्षांखालील मुलांना आणि साठीपुढील वृद्धांना जबाबासाठी ठाण्यावर यावयास भाग पाडता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी येऊन विचारावयाचे असते. तपासात दिलेल्या जबाबावर साक्षीदाराने सही करावयाची नसते, हेही कित्येकांस ठाऊक नसते. हे नियम माहीत असले म्हणजे निम्मे भय ओसरते. आठवी आज्ञा खोटी साक्ष वर्ज्य मानते, हे आपण बालपणीच शिकलो. पण डोळ्यांनी पाहिलेले सत्य शेजाऱ्याच्या संकटकाळी पोटात ठेवणे, हेही त्या आज्ञेच्या फार दूर नाही, असे आम्हांस वाटते.

मालिका पाहावयाचे सोडा, असा उपदेश आम्ही करीत नाही. साटमांचा अभिनय अवश्य पाहा. खुनी ओळखण्याची पैज अवश्य लावा. मात्र थपडेचा आवाज झाला आणि मुलांनी टाळ्या पिटल्या, की आईबापांनी त्यांना एवढे जरूर विचारावे: "बाळांनो, हे कोर्टात कोण सांगणार? पाहिले कोणी?" या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची सवय ज्या घरातील मुलांना लागेल, त्या घरातून उद्या गावाला निर्भय साक्षीदार मिळतील. पेडणे-डिचोलीच्या गावांना आज त्यांचीच अधिक गरज आहे.