फियाटचं स्टिअरिंग आणि माझे हात



यंदा दिवाळीत आमच्या घरी वाद झाला तो चकलीच्या भाजणीवरून नाही, फियाटच्या स्टिअरिंगवरून! नेहमीच्या वाचकांना आमची फियाट ठाऊक आहेच. १९७४ची गाडी. त्याच सुमारास कंपनीने तिचं नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ केलं, पण आपल्याकडे तिला पद्मिनी कोण म्हणतं? ह्यांनी ती १९८६ साली सेकंडहँड घेतली आणि त्याच वर्षी गंगापूर रोडवर मला शिकवली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे सलग बाक, इंजिन १०८९ सीसीचं. हे गेल्यापासून ती मीच चालवते. लांब नाही हो, भाजी, बँक, वाचनालय आणि महिन्यातून एकदा सोमेश्वर.

गेल्या वर्षभरात मात्र चाक जड झालं. वळवताना खांदा भरून येई, आणि सरळ रस्त्यावर दोन-तीन बोटं चाक फिरवलं तरी गाडीला त्याचा पत्ताच नसे. मेकॅनिक मंडळी याला ‘प्ले’ म्हणतात. पावसाळ्यात मुंबई नाक्यावर वळले आणि चाक आपलं आपण सरळ येईना. समोरून रिक्षा. मी दोन्ही हातांनी ओढलं म्हणून निभावलं. घरी आल्यावर अर्धा तास हात थरथरत होते. मुलाला सांगितलं नाही, पण नातवाला सांगितलं, आणि त्याने (अर्थातच!) बापाला सांगितलं.

मग दिवाळीत बैठक बसली. नातू इंजिनिअरिंगला. तो म्हणाला, “आजी, हा जुना बॉक्स काढून टाकू. मारुतीचं रॅक अँड पिनियन बसवू. एका बोटाने वळेल.” चिरंजीवांचं मत वेगळं. गाडीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा तिची व्हिंटेज म्हणून नोंद करू, ‘व्हीए’ अक्षरांची नंबर प्लेट घेऊ, आणि तू आता चालवणं बंद कर. दोघेही माझ्या काळजीने बोलत होते, हे मला कळतं. पण दोघांचंही मला पटलं नाही. का, ते आज लिहिते.

आधी नातवाचा मुद्दा. मी मराठीची बाई, यंत्रातलं मला काय कळणार, असं वाटून त्याने मला कागदावर चित्र काढून दाखवलं. आमच्या गाडीत दांड्याच्या टोकाला मळसूत्रासारखे आटे आहेत, त्याला वर्म म्हणतात. त्या आट्यांत एक रोलर बसतो. चाक फिरवलं की रोलर सरकतो, त्याने एक दांडी हलते आणि पुढचे टाय रॉड चाकं वळवतात. मध्ये सांधे पुष्कळ. प्रत्येक सांधा थोडा झिजला की सगळ्यांची मिळून मोठी ढिलाई होते. रॅक अँड पिनियनमध्ये दांड्याच्या टोकाला छोटं दातेरी चाक आणि त्याखाली दातांची आडवी पट्टी. चाक फिरलं की पट्टी डावी-उजवीकडे सरकते. सांधे कमी, काम थेट. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८००ला हेच होतं.

पण गंमत ऐका. ज्या अ‍ॅम्बेसेडरला आपण सरकारी हत्ती म्हणायचो, तिला रॅक अँड पिनियन पहिल्यापासून होतं. मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डला होतं, तेच १९५७-५८च्या सुमारास इकडे आलं. म्हणजे नातू ज्याला ‘मॉडर्न’ म्हणतो ते आमच्या फियाटपेक्षा वयाने मोठं! आणि उभी अ‍ॅम्बेसेडर वळवताना ड्रायव्हरला घाम फुटायचा, हे ज्यांनी तिच्यातून प्रवास केलाय त्यांना आठवत असेल. तेव्हा ‘रॅक म्हणजे हलकं’ हे समीकरण काही खरं नाही. गाडीचं वजन, टायरची रुंदी, चाकांचा कोन, सांध्यांतलं ग्रीस या सगळ्यांचा तो हिशेब असतो.

आम्ही द्वारकेजवळच्या चाचांकडे गेलो. वय माझ्याएवढंच, हात काळे, बोलणं मोजकं. नातवाने रॅकचं सांगितल्यावर ते हसले नाहीत, हे मला फार आवडलं. म्हणाले, होतं, करणारे करतात. मग त्यांनी अडचणी सांगितल्या. तुमचा दांडा कापून रॅकला जोडावा लागणार, आणि त्याच दांड्यावर तुमचा गिअर. जोडाचं वेल्डिंग सुटलं तर हातात नुसतं चाक राहणार. रॅक चाकांच्या सांध्यांपुढे येतो की मागे, हे पाहिलं नाही तर डावीकडे फिरवल्यावर गाडी उजवीकडे जायची.

तिसरी अडचण मी घरी येऊन नातवाच्या कर्कटकाने समजून घेतली. खड्ड्यात चाक खाली-वर होतं ते सरळ रेषेत नाही, कमानीत. टाय रॉडचं टोकही कमानीतच फिरतं. दोन्ही कमानी जुळल्या तर ठीक. दुसऱ्या गाडीचा कमी-जास्त लांबीचा रॅक घातला की त्या जुळत नाहीत, आणि मग प्रत्येक खड्ड्यात गाडी स्वतःहून वळू पाहते. आपण चाकाला हातही लावलेला नसतो. आपल्या रस्त्यांवर ही केवढी मोठी गोष्ट आहे, सांगायला हवं का?

मग चाचांनी आमचा बॉक्स उघडला. आत तेल जवळजवळ नव्हतंच. चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनना कित्येक वर्षांत ग्रीस मिळालेलं नव्हतं. मूळ अरुंद टायर मिळेनात म्हणून आम्हीच हौसेने रुंद टायर घातले होते. आणि मागे एका गॅरेजात प्ले घालवायला बॉक्सचा स्क्रू आवळला होता. चाचा म्हणाले, झीज नेहमी मधल्या भागात होते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधली ढिलाई काढायला स्क्रू आवळला की न झिजलेला कडेचा भाग अडकतो. म्हणूनच नाक्यावर चाक परत आलं नाही.

मंडळी, मला इतकी लाज वाटली! पन्नास वर्षांच्या यंत्राला ‘कालबाह्य’ म्हणून आम्ही मोकळे झालो होतो, आणि चूक आमच्या हयगयीची होती. वर्गात एखादं पोर मागे पडलं की ‘ढ’ म्हणायच्या आधी त्याने डबा खाल्लाय का, हे विचारावं. हे मी इतकी वर्षं नव्या शिक्षकांना सांगत आले. स्वतःच्या गाडीला मात्र विचारलं नाही.

आता चिरंजीवांचा मुद्दा. २०२१च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची गाडी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली, नोंदणीला २०,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणजे माझी भाजी बंद! मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आणि २०१९च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकालही गाडीत मनमानी फेरफाराच्या विरुद्ध आहे. आर.सी.वर स्टिअरिंगचा प्रकार लिहिलेला नसतो, असा नातवाचा युक्तिवाद. असेल बुवा. पण अपघात झाल्यावर विम्याच्या माणसाला हा युक्तिवाद कोण ऐकवणार?

माझं मत विचाराल तर जुन्या वस्तूचे दोन शत्रू असतात. एक तिला ओळखू येणार नाही इतकं सुधारतो, दुसरा काचेच्या कपाटात ठेवतो. मुंबईतली शेवटची फियाट टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. लोकांनी फोटो काढले, हळहळले. पण त्या टॅक्सींचं खरं कौतुक, त्या रोज भाडं मारत होत्या हेच होतं. आमच्या नाशिक जिल्ह्याला तर ही गाडी जवळची वाटायला हवी. प्रीमियर कंपनी उभारणारे वालचंद हिराचंद हेच मालेगाव तालुक्यातल्या रावळगावच्या साखर कारखान्याचे, आणि रावळगावच्या गोळ्या चघळतच आपण मोठे झालो.

याचा अर्थ मी बदलाच्या विरोधात आहे असं नाही. उद्या बॉक्सचे भाग मिळेनासे झाले, आणि कोणी नीट मोजमाप करून, कमानी जुळवून, जबाबदारी घेऊन रॅक बसवून देणार असेल, तर मी आडवी येणार नाही. फक्त आधी दुरुस्ती, मग बदल, हा क्रम सुटू नये.

चाचांनी तेल, ग्रीस, दोन टाय रॉडची टोकं आणि अरुंद टायर एवढं केलं. स्क्रू सैल केला. थोडा प्ले अजून आहे, पण आता वळणानंतर चाक परत येतं. जड आहेच, पण पूर्वीसारखं, म्हणजे ह्यांनी शिकवलं तेव्हा होतं तसं.

राहिले माझे हात. त्यांना ग्रीस लागत नाही ना! म्हणून नातवाशी करार केलाय. दर महिन्याला तो शेजारी बसणार आणि मी सोमेश्वरपर्यंत चालवणार. ज्या दिवशी तो म्हणेल “आजी, बास”, त्या दिवशी वाद न घालता किल्ली त्याच्या हातात देणार. गाडी माझ्यासाठी बदलायची नाही, मीच बाजूच्या सीटवर सरकायचं. बाक सलग आहे, सरकायला त्रास नाही.

पहिली परीक्षा गेल्या रविवारी झाली. पास झाले. गुण विचारू नका.

तुमच्या घरात अशी एखादी वस्तू असेल तर तिचं तुम्ही काय केलंत, जरूर कळवा.

ता.क. चिरंजीवांनी हा लेख आधी वाचला. म्हणाले, “नाक्यावरचा प्रसंग मला तेव्हाच का नाही सांगितलास?” यावर माझ्याकडे उत्तर नाही.