वजनकाट्यावर न चढणारी निर्यात

देशाची सेवानिर्यात वाढल्याचा आकडा आला की एका विद्वानांची लेखणी हटकून शिवशिवते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माल बंदरावर येतो, कस्टमचा माणूस तो बघतो, काटा त्याचं वजन करतो, शिपिंग बिलावर शिक्का बसतो, म्हणून मालाचा आकडा खरा. सेवा कुणाला दिसत नाही, तिची पेटी नसते, तिला काटा नसतो, तेव्हा तिचा आकडा कुणीतरी टेबलाशी बसून रचलेला असणार. पुरावा मागितला तर ते अमेरिकेच्या वहीकडे बोट दाखवतात. आपण जेवढं विकलं म्हणतो तेवढं घेतल्याचं त्यांच्या दप्तरी नाही. पुरवणीला आणखी दोन आरोप आहेतच. बँका सांगतील ते रिझर्व्ह बँक लिहून घेते, आणि निर्यात म्हणून जी मिरवली जाते तिच्यातली बरीचशी म्हणजे परदेशी कंपनीने स्वतःच्याच भारतीय शाखेला पाठवलेले पैसे. निष्कर्ष, २०२४-२५ सालच्या सेवाव्यापारातलं सुमारे १८८ अब्ज डॉलरचं आधिक्य हा निव्वळ फुगा. एवढा मोठा फुगा फोडायला निघालेल्या माणसाच्या धाडसाचं कौतुक करावं, पण टाचणीला टोक आहे का तेही पाहावं.

सुरुवात त्यांच्या लाडक्या काट्यापासूनच करू. सोन्याइतका वजनाला सोपा जिन्नस दुसरा नाही. गुंजभर इकडचं तिकडे झालं तर सराफ रात्रभर हिशेब तपासत बसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताने सुमारे १४.८ अब्ज डॉलरचं सोनं आयात केलं, असा अधिकृत आकडा प्रसिद्ध झाला. विक्रम म्हणून मथळे झाले, व्यापारतुटीवर अग्रलेख झाले, रुपयाच्या नावाने गळे काढून झाले. काही आठवड्यांनी तोच आकडा सुमारे ९.८ अब्जांवर आला. पाच अब्ज डॉलरचं सोनं न वितळता नाहीसं झालं! नोंदी एका संगणकीय व्यवस्थेतून दुसरीत नेताना काही माल दोनदा मोजला गेला होता. सोन्यात खोट नव्हती, काट्यातही नव्हती, ती नोंदीत होती. शिवाय दोन देशांच्या वह्या मालाबाबत तरी जुळतात हा समज कुठून आला कोण जाणे. निर्यात करणारा देश जहाजावर चढेपर्यंतची किंमत लिहितो, आपण आयातीत जहाजभाडं आणि विमा धरून लिहितो. एकच कंटेनर शांघायला एका किमतीने चढतो आणि न्हावाशेव्याला दुसऱ्या किमतीने उतरतो. या फरकाला कुणी फुगा म्हणत नाही, कारण तो कशामुळे पडतो हे ठाऊक असतं.

आता अमेरिकेची वही. हा पुरावा विद्वान दर वेळी नव्याने सापडल्यासारखा मांडतात, म्हणून त्याची कुंडली सविस्तर पाहायला हवी. २००३ या वर्षासाठी अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत भारताकडून घेतलेल्या व्यावसायिक आणि तांत्रिक सेवा सुमारे ४२ कोटी डॉलरच्या होत्या. भारताच्या हिशेबात अमेरिकेला केलेली याच प्रकारची निर्यात सुमारे ८७० कोटी डॉलर होती. वीसपट फरक. आपल्याकडे कुणी वीस रुपयांचं बिल दाखवलं आणि समोरचा ‘मी एकच दिला’ म्हणाला तर भांडण चौकीपर्यंत जाईल. इथे ते अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयापर्यंत गेलं, आणि त्या कार्यालयाने २००५ मध्ये यावर अहवालच काढला. विद्वान त्या अहवालातले दोन आकडे तेवढे उचलतात आणि त्याखालची पानं सोडतात, ही त्यांची वाचनाची पद्धत. त्या पानांत लिहिलंय ते असं. अमेरिकेच्या ४२ कोटींत फक्त परस्परांशी संबंध नसलेल्या कंपन्यांमधला व्यवहार होता. अमेरिकी कंपनीने स्वतःच्या भारतीय उपकंपनीला दिलेले पैसे त्यात नव्हते, आपण ते धरले होते. यंत्रात भरून गेलेलं सॉफ्टवेअर आपण सेवेत धरलं, तिकडे ते मालात गेलं. अमेरिकी कंपनीच्या अमेरिकेबाहेरच्या कचेरीने घेतलेलं काम आपण अमेरिकेच्या नावावर लिहिलं. काम अमेरिकेत आलंच नाही, तर तिथल्या वहीत ते कसं दिसणार? आणि त्यांची पाहणी सगळ्या खरेदीदारांपर्यंत पोचतही नव्हती.

पण या साऱ्यात सर्वांत बोलका मुद्दा माणसाचा आहे. पुण्यातली एक कंपनी न्यू जर्सीतल्या विमा कंपनीचं काम घेते आणि आपला अभियंता तिथे बसवते. त्याचा एच-१बी व्हिसा आधी तीन वर्षांचा, मग वाढवून सहापर्यंतचा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची व्यवहारतोलाची नियमपुस्तिका म्हणते की एखादा माणूस वर्षभर किंवा अधिक काळ दुसऱ्या देशात राहिला, किंवा राहणार असला, तर तो हिशेबापुरता त्या देशाचा रहिवासी. तो महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पखवाज वाजवो, घरी वरणभात खावो, मतदान कुठेही करो, सांख्यिकीच्या दृष्टीने तो न्यू जर्सीकर. मग त्याच्या कामाचे पैसे म्हणजे एका अमेरिकी रहिवाशाने दुसऱ्याला दिलेले पैसे, आयातीत त्यांची नोंदच नको. आपण मात्र पुण्याहून गेलेलं कंपनीचं संपूर्ण बिल निर्यात म्हणून लिहिलं. दोन्ही वह्या आपापल्या रीतीने सरळ. नियमाच्या काटेकोर अर्थाने या मुद्द्यावर अमेरिकेची बाजू अधिक बरोबर होती, हे मान्य करायला लाज कसली? पण आपली व्याख्या सैल होती असं म्हणणं वेगळं आणि आपण आकडा रचला असं म्हणणं वेगळं. पहिल्यावर उपाय असतो, दुसऱ्यावर फक्त आरडाओरडा. शिवाय काळही थांबलेला नाही. रिझर्व्ह बँक सॉफ्टवेअर निर्यातीची दरवर्षी पाहणी करते. तिच्यानुसार २०२३-२४ मध्ये ही निर्यात, परदेशातल्या उपकंपन्यांची विक्री वगळून, सुमारे १९०.७ अब्ज डॉलर होती, आणि यातलं नव्वद टक्क्यांहून अधिक काम ग्राहकाच्या दारात न जाता इथूनच झालं. म्हणजे वादाचं मूळ असलेला तो न्यू जर्सीतला अभियंता आज एकूण हिशेबात कोपऱ्यात बसला आहे. विद्वानांचा पुरावा २००३ सालचा आहे. औषधाच्या बाटलीवर असते तशी मुदत पुराव्यावर छापत नाहीत, हे त्यांचं नशीब.

आणि वह्या न जुळणं हा भारतीय लबाडीचा पुरावा असेल, तर मग ब्रिटन आणि अमेरिकेचं काय करायचं? सेवांच्या व्यापारात ब्रिटनच्या आकड्यांनुसार ब्रिटन अमेरिकेशी आधिक्यात, आणि अमेरिकेच्या आकड्यांनुसार अमेरिका ब्रिटनशी आधिक्यात. दोघंही एकमेकांना जास्त विकतात आणि दोघंही फायद्यात. असा व्यापार आपल्या मंडईत कुणाला जमलेला नाही. कारणं शोधली गेली. त्यातलं एक असं की जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅन ही बेटं अमेरिका आपल्या हिशेबात ब्रिटनमध्ये धरते, ब्रिटन धरत नाही. यावरून लंडनचे सांख्यिकी अधिकारी टेबलाशी बसून आकडे रचतात, असं कुणी लिहिल्याचं ऐकिवात नाही. तो मान आपल्याच लोकांसाठी राखीव दिसतो. जाता जाता एक जुनी आठवण करून द्यावीशी वाटते. पंचवीस वर्षांपूर्वी याच सुरातली मंडळी संगणकाच्या या कामाला ‘हमाली’ म्हणत होती: स्वस्तातलं, सांगकाम्याचं, बुद्धी न लागणारं. तेव्हाही वादाला जोर होता. आता त्याच घराण्यातून आवाज येतो की एवढं काम झालंच नाही. हमाली होती तर काम होतं. काम नव्हतं तर हमाली कोणी केली? या दोन्ही वादांतला एक कुठला तरी त्यांनी सोडून द्यावा, कुठला ते त्यांच्या सोयीने ठरवावं.

बँका सांगतात ते रिझर्व्ह बँक लिहून घेते, हा आरोप अर्धा खरा आहे, आणि त्यातला खरा अर्धा नेमका विद्वानांच्या नजरेतून सुटला आहे. व्यवहारतोल हा दुनोंदी हिशेब असतो. २०२४-२५ मध्ये मालाच्या व्यापारातली तूट २८० अब्ज डॉलरच्या वर होती आणि चालू खात्यावरची तूट अवघी २३ अब्जांच्या आसपास. मधला खड्डा कुठल्या डॉलरांनी भरला? सेवांचं आधिक्य हवेतलं असेल तर तेवढे डॉलर बँकांत आलेच नाहीत, आणि मग गंगाजळीचा हिशेब लागायला नको. किराणा दुकानाच्या बिलाखाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहितात तसा या ताळेबंदातही चूकभुलीचा रकाना असतो. फुग्यातली हवा तिथे सुसाट बाहेर पडली असती. प्रत्यक्षात तो रकाना या रकमांपुढे किरकोळ असतो. तेव्हा डॉलर आले, यात शंका नाही. शंका घ्यायची तर त्यांच्या नावावर घ्यावी.

ती कशी, ते एका व्यवहारात दिसतं. कोल्हापुरात बसून टोरोंटोच्या एका कंपनीसाठी चित्रं, मांडणी, वेबसाइटची कामं करणारा एखादा तरुण धरा. त्याच्या खात्यात परदेशातून पैसे आले की बँक ‘पर्पज कोड’ विचारते, म्हणजे पैसे कशाचे. सॉफ्टवेअरच्या सल्ल्याचे असतील तर पी ०८०२, अनिवासी भारतीयाने कुटुंबाच्या खर्चासाठी पाठवले असतील तर पी १३०१. घाईत असलेल्या माणसाच्या तोंडून ‘टाका काहीतरी’ निघालं आणि काउंटरवर सवयीचा १३०१ पडला, की त्या क्षणी त्याची महिनाभराची मेहनत सेवानिर्यातीतून उठून परदेशातल्या काकांच्या मायेच्या रकान्यात जाऊन बसते. देशाची एकूण बेरीज बदलत नाही, फक्त कामाची कमाई भेट ठरते. २०२३-२४ मध्ये परदेशातून आलेल्या अशा रकमांत महाराष्ट्राचा वाटा सुमारे २०.५ टक्के, देशात सर्वाधिक होता. त्यातली माया किती आणि मेहनत किती, हे त्या टक्केवारीवरून कळत नाही. लक्षात घ्यावं की या चुकीने सेवेचा आकडा फुगत नाही, आटतो. विद्वानांचा बाण बरोबर दिशेने सुटला, फक्त धनुष्य उलटं धरलं होतं.

शाखांचा आरोप उरला. हिंजवडीतलं एखादं परदेशी कंपनीचं केंद्र मूळ कंपनीला खर्च अधिक ठरावीक टक्के असं बिल लावतं, आणि ती किंमत बाजारात ठरलेली नसते, हे खरं. चाकणच्या परदेशी कारखान्यातून निघालेली मोटारही त्याच कंपनीच्या परदेशातल्या शाखेकडे जाते, ती मात्र निर्यात, कारण तिला चाकं आहेत. घरातल्या घरात लावलेल्या किमतीचा खरा धोका आयर्लंडने दाखवला. तिथे २०१५ मध्ये कंपन्यांनी पेटंटांसारखी बौद्धिक मालमत्ता कागदोपत्री आणून ठेवली आणि देशाचं सकल उत्पादन एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. हिंजवडीत मात्र पगार उचलणारी माणसं आहेत, आणि संध्याकाळी त्यांची कोंडी सगळ्या पुण्याला दिसते.  

आता आपली बाजू. न दिसणारं मोजायचं कशासाठी, याचं उत्तर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी कधीच देऊन ठेवलं आहे. ब्रिटिश अमलात भारताची मालाची निर्यात आयातीहून सातत्याने जास्त असे. काट्यावरच विश्वास ठेवणाऱ्याने त्या देशाला सुखी म्हटलं असतं. दादाभाईंनी विचारलं, जास्तीच्या मालाचे पैसे आले कुठे? उत्तर होतं ‘होम चार्जेस’मध्ये: लंडनमधल्या कचेरीचा खर्च, कर्जाचं व्याज, साहेबांची पेन्शनं. यातलं काहीच बंदरातून गेलं नव्हतं. १९०१ साली त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा ही लूट मालाच्या तक्त्यात नव्हती, ती अदृश्य रकान्यांत होती. हीच नजर आजही लागते. १९९५ च्या जागतिक सेवाकराराने सेवा पोचण्याचे चार मार्ग मानले: सीमेपलीकडून काम, ग्राहकाने येणं, परदेशात शाखा उघडणं, माणसाने जाणं. यातली शाखेची तिथल्या बाजारातली विक्री व्यवहारतोलात येत नाही, म्हणून तिची वेगळी मोजणी नेमाने आणि सर्व सेवांसाठी व्हायला हवी. राज्यनिहाय सेवानिर्यात अधिकृत तक्त्यांत एकत्र मिळत नाही, ती मिळायला हवी. आणि बँकेच्या काउंटरवर कोड निवडताना मराठीत एक ओळ समजावून सांगावी, एवढं साधं कामही पुरेसं होईल. मागण्या मोठ्या नाहीत. आकडा फेकून देण्यापेक्षा मात्र त्यांना जास्त कष्ट पडतात.

दर महिन्याच्या मध्याला वाणिज्य मंत्रालय व्यापाराचं पत्रक काढतं. त्यात सेवांच्या ताज्या महिन्याच्या आकड्याखाली एक टीप असते: हा अंदाज आहे, रिझर्व्ह बँकेचे आकडे आल्यावर तो सुधारला जाईल. विद्वानांनी जे उघडकीस आणलं म्हणून सांगितलं, ते सरकार दरमहा स्वतःच छापतं. पुढचं पत्रक आलं की त्यांनी आधी ती टीप वाचावी, लेख नंतर लिहावा.