भल्लातक देण्याआधीचा प्रश्न

हेमंत सुरू झाला की अर्श, ग्रहणी, आमवात आणि कफप्रधान त्वचारोगांच्या रुग्णांसाठी अनेक वैद्य भल्लातकाचा विचार करू लागतात. या विचाराला भक्कम आधार आहे. शुष्कार्शात वाग्भटांनी भल्लातकाला अग्रस्थान दिले. चरकांच्या मते तर भल्लातकाने लवकर बरा न होणारा कफज विकारच नाही. मात्र त्याच चरकांनी हे द्रव्य अग्नीसारखे तीक्ष्ण असल्याचे सांगून, विधिपूर्वक वापरले तरच ते अमृतासारखे ठरते, असेही बजावले आहे. आज आपल्या व्यवहारात गुण पाठ आहेत आणि विधी मागे पडला आहे. म्हणून या अंकात हा विषय घेत आहोत.

बिब्ब्याच्या टरफलातील काळ्या तेलात भिलावानॉल वर्गातील फिनॉले असतात. त्यांच्यामुळे त्वचेवर जी प्रतिक्रिया उमटते ती मुख्यतः ॲलर्जीची आणि उशिरा येणारी असते. तेल लागल्यावर एक-दोन दिवसांनी खाज, लाली, सूज आणि पाण्याने भरलेले फोड येतात. पहिल्या संपर्कात शरीर केवळ संवेदनशील बनू शकते. खरी प्रतिक्रिया पुढच्या वेळी उमटते. त्यामुळे 'मागच्या हिवाळ्यात घेतले होते, काही झाले नाही' हे रुग्णाचे सांगणे सुरक्षिततेचा पुरावा मानता येत नाही. काजूच्या टरफलाचे तेल आणि आंब्याचा चीक यांतही याच जातीची द्रव्ये असल्याने, त्यांचा त्रास होणाऱ्याला भल्लातकाचाही होऊ शकतो.

यावर अनेकांचे उत्तर असते, 'आम्ही शुद्ध भल्लातकच वापरतो.' शोधन अत्यावश्यक आहे यात वाद नाही. पाण्यात बुडणारी पक्व फळे निवडणे, देठाकडचा भाग काढणे, गोमूत्र आणि गोदुग्धात ठेवणे, नंतर विटेच्या चूर्णात घासून तेल शोषून घेणे, यातली प्रत्येक पायरी दाहक तेल कमी करण्यासाठी आहे. पण कमी होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे, आणि संवेदनशील व्यक्तीला अल्प मात्राही पुरते. शोधनाने द्रव्य सौम्य होते. रुग्णाची प्रकृती तपासण्याचे काम वैद्याकडेच राहते.

ते काम सुरू होते एका साध्या प्रश्नाने: 'तुम्हाला बिब्बा उततो का?' महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत हा प्रश्न कोणालाही समजतो. टाचेच्या भेगांना किंवा काट्याच्या जागी बिब्बा लावल्यावर अंगावर काय उठले, हे रुग्णाला आठवते. विदर्भात गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्या स्त्रिया तर हातांवरच्या जखमांसह हे जाणतात. कोकणात काजू सोलणाऱ्यांनाही हेच विचारावे. उत्तर 'हो' असेल तर भल्लातक देऊ नये. पित्तप्रकृती, रक्तस्रावाची प्रवृत्ती, मूत्रपिंडाचा विकार, गर्भावस्था, बालवय आणि वार्धक्य यांतही ते टाळावे. उन्हाळ्यात आणि शरदात देऊ नये, आणि भट्टीपाशी किंवा उन्हात राबणाऱ्याला तर कोणत्याही ऋतूत देऊ नये.

तयार कल्पांच्या बाबतीत हा प्रश्न हमखास विसरला जातो. संजीवनी वटीत भल्लातक आहे, हे आपण सारे शिकलो आहोत. पण अजीर्णात किंवा ज्वरात ती लिहून देताना किती जण बिब्ब्याबद्दल विचारतात? औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये भल्लातकाचा समावेश आहे. त्यामुळे पोटात घेण्याच्या अशा औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा इंग्रजी आणि हिंदीत छापणे बंधनकारक आहे. पण पुडीत बांधून दिलेल्या गोळ्यांवर तो इशाराही उरत नाही. तो मराठीत, तोंडी आणि लेखी देणे आपले कर्तव्य आहे.

अल्प मात्रेने आरंभ करावा. दूध, तूप आणि भात असा आहार सांगावा. मीठ, मिरची, ऊन आणि शेक वर्ज्य करावा. तोंडाची आग, गुदभागी किंवा जननेंद्रियाशी खाज, लघवीची जळजळ, अंगावर पुरळ यांपैकी काहीही दिसताच औषध थांबवायचे, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी समजावून सांगावे. त्वचेला तेल लागले असेल तर ते पुसून साबणाने धुवावे. खोबरेल आणि तुपाचा उपचार परंपरेने सांगितलेलाच आहे. परंतु चेहऱ्यावर सूज, सर्वांगावर फोड, लघवीतून रक्त किंवा लघवी कमी होणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उताऱ्यात वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे. मूत्रपिंडाला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

झालेला त्रास लपवणे ही आपल्या क्षेत्राची जुनी सवय सुटली पाहिजे. आयुष औषधांसाठी 2018 पासून राष्ट्रीय औषधसतर्कता कार्यक्रम सुरू आहे आणि नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था त्याचे समन्वय केंद्र आहे. तिथे नोंद केल्याने आयुर्वेदाची बदनामी होत नाही. कोणता कल्प, कोणती मात्रा, कोणता रुग्ण यांची जी माहिती आज विखुरलेली आहे, ती एकत्र येते.

आमचा आग्रह इतकाच आहे: या हिवाळ्यात भल्लातकाचा कोणताही कल्प लिहाल, त्या प्रत्येक केसपेपरवर दोन गोष्टी असाव्यात. बिब्बा उततो का, या प्रश्नाचे उत्तर, आणि 'या औषधात बिब्बा आहे' हे रुग्णाला सांगितल्याची नोंद. यासाठी मिनिटभरही लागत नाही, आणि भल्लातकासारखे समर्थ औषध पुढच्या पिढीच्या वैद्यांच्या हाती विश्वासाने सोपवायचे असेल तर एवढे तरी आपण केलेच पाहिजे.