पंचनाम्यांत न येणारें नुकसान

आपत्तीनंतर गांवीं पंचनामा कसा होतो, हें वाचकांस सांगावयास नको. पडलेल्या भिंती, मेलेलीं गुरें, खरवडून गेलेली जमीन, सर्वांस रकाने असतात. आम्हीं कारकुनींत असे कागद पुष्कळ लिहिले. परंतु ज्याचें मनच खचलें, त्याची नोंद घेणारा रकाना आम्हांस कोठें आढळला नाहीं.

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. गणपति बोळवून लोक उशिरां निजले होते. किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गांवांत दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचें जड माळवद, अशी घरांची रीत. तीं घरें निजलेल्यांवरच कोसळलीं व सुमारें ८,००० माणसें दगावलीं. पुढें नवीं गांवें वसलीं, पक्कीं घरें मिळालीं, आणि दप्तरीं पुनर्वसन पुरें झालें.

त्या भागांतील एक बागाईतदार आमच्या परिचयाचे होते. नवें घर मिळूनही ते कित्येक वर्षें शेतांतील खळ्यावर, उघड्यावरच निजत. रस्त्यानें ट्रक गेला तरी दचकून उठत. पहाटे चारच्या आंत जाग आली कीं पुन्हां झोप म्हणून नाहीं. पुढें दारू लागली, आणि ऐन पेरणींतही ते बांधावर नुसते बसून राहूं लागले. गांव म्हणे, माणूस आळशी झाला. घरची मंडळी देवऋष्याकडे गेली. आम्हीं स्वतः त्यांस 'मन घट्ट करा' असें सांगितलें, आणि मोठा उपदेश केला असें मानून घरीं आलों. तो उपदेश निरुपयोगी होता, हें आज कबूल करणें प्राप्त आहे.

हा आळस नव्हे, आणि बाहेरची बाधाही नव्हे. भयंकर प्रसंगीं मेंदू धोक्याचा जो इशारा देतो, तो कांहीं माणसांत प्रसंग सरल्यावरही थांबत नाहीं. घडून गेलेली गोष्ट मागें न पडतां, आत्तांच घडत आहे अशी पुन्हां पुन्हां समोर येते. दुःस्वप्नें, दचकणें, त्या जागेस व त्या विषयास टाळणें, आपल्याच माणसांविषयीं मन बधिर होणें, हीं त्याचीं लक्षणें. पहिल्या महायुद्धांत तोफांच्या माऱ्यांतून परतलेल्या शिपायांत तीं दिसलीं, तेव्हां पुष्कळांस भ्याड ठरविण्यांत आलें. अमेरिकेंतील मनोवैद्यांच्या रोगसूचींत या विकारास हल्लींचें स्वतंत्र नांव मिळण्यास १९८० साल उजाडावें लागलें.

बहुतेक लोक आप्तांच्या आधारानें कांहीं महिन्यांत सावरतात. तेव्हां प्रत्येकास रोगी ठरवूं नये. पहिल्या दिवसांत अन्न, निवारा, झोप व सोबत हींच औषधें. 'काय पाहिलेंस तें सांग' म्हणून खोदून विचारणें तर मुळींच नको. त्यानें लाभ होत नाहीं, क्वचित् अपायच होतो. (सांत्वनास येणाऱ्या आमच्या पाहुणेमंडळीस हें कोण सांगणार?) मात्र महिना उलटूनही लक्षणें तशींच राहिलीं, तर डॉक्टरांकडे नेलेंच पाहिजे. जाणता उपचारक रोग्याच्या कलानें, धीर देत, त्यास त्या आठवणीसमोर थोडें थोडें नेतो. कित्येक बैठकांनंतर तिची धार बोथट होते. कांहींस औषधाच्या गोळ्याही लागतात. नुसत्या झोपेच्या गोळ्यांनीं किंवा दारूनें हा विकार हटत नाहीं, उलट मुरतो.

काळ हेंच औषध, कामानें मन रमतें, असें वडीलधारे म्हणतील. त्यांत तथ्य आहे. पण बैलाचा पाय मोडला असतां आपण त्यास नांगरास जुंपीत नाहीं.

सरकारी दवाखान्यांतून असा उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें दिलेला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनि रात्रंदिवस चालतो, व त्यावर मराठींत बोलतां येतें.

भूकंप रोज होत नाहीं. पूर, गारपीट, वीज पडून घरचें माणूस जाणें, हें आपल्याकडे दरसाल आहे. म्हणून संघापुढें आमची एवढीच मागणी आहे. अशा घरीं सोसायटीचा माणूस वसुलीस गेला, तर थकबाकीच्या आधीं त्यानें झोप लागते कीं नाहीं हें विचारावें. आणि खताचे भाव ज्या फळ्यावर लिहितात, त्यावर हा पांच आंकडी नंबरही लिहावा.