दोन मिनिटांचं काम!

"दोन मिनिटांचं तर काम, त्याचे तीनशे?" नळाचा वायसर बदलणाऱ्या पोराला हे ऐकवणारे आपणच असतो, मंडळी. दुकानात एमआरपी मुकाट मोजतो, आणि घाम गाळणाऱ्याशी मात्र घासाघीस!

मी मराठीचा मास्तर, पण एवढा हिशेब मलाही येतो. समजा, आयटीआयमधून प्लंबिंग शिकून एकानं स्वतःचा धंदा काढला. घरखर्च महिना २४,००० रुपये धरा. पेट्रोल, पाने, मोबाइल, दुचाकीचा हप्ता मिळून ८,०००. एकूण ३२,०००. महिन्यात काम मिळालं २० दिवस. जाणं-येणं, दुकानाच्या फेऱ्या वजा जाता रोज हाती लागतात ४ तास. म्हणजे ८० तास. आता भागा. ताशी ४०० रुपये! यात शिल्लक शून्य. आजारी पडायचीही सोय नाही.

तरी सगळे त्याला सांगतात, "सुरुवातीला कमी घे, गिऱ्हाईक जोड." साफ चूक! स्वस्तात आलेलं गिऱ्हाईक दर वाढवला की दुसरा स्वस्तातला शोधतं. मग पोट भरायला हा सामानात कमिशन खातो, आणि आपण त्यालाच चोर म्हणतो.

बाळांनो, व्हिजिटचे पैसे फोनवरच सांगा. सामानाचं बिल वेगळं द्या. भिंतीआडच्या गळतीचं काम उक्तं घेऊ नका, तासावर घ्या.

आणि मंडळी, आपण? दराचं काय ते काम सुरू होण्याआधी बोलावं. नळ गळायचा थांबल्यावर नाही.

असो.